जीएमआरटीच्या जुन्या निरीक्षणांतून पहिली रेडिओ प्रतिमा : ठाणे-नवी मुंबईतील नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

रेडिओ इंटरफेरोमीटरची प्रतिमा दुर्बिणीत तयार होत नाही. दुर्बीण फक्त अँटेनांच्या प्रत्येक जोडीने पकडलेल्या संकेतांचा परस्परसंबंध मोजून साठवते. त्या आकड्यांमधून आकाशाचा तुकडा उभा करण्याचे काम संगणकावर होते, आणि ते बहुतेक वेळा दुर्बिणीपासून दूर, अनेकदा निरीक्षणानंतर काही वर्षांनी केले जाते. त्यामुळे ठाणे, ऐरोली, नेरुळ किंवा कल्याणमध्ये राहणाऱ्या आणि लिनक्स व थोडी पायथॉन जाणणाऱ्या कोणालाही नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटीच्या, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या, निरीक्षणांवर घरी बसून खरे काम करता येते. महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत दिवसभर लॉग फायली वाचणाऱ्यांना तर यातली निम्मी कौशल्ये आधीच अवगत असतात.

या लेखात एकच वाट सांगितली आहे : अभिलेखागारातले एक जुने, ६१० मेगाहर्ट्झचे निरीक्षण घ्यायचे, ते कासा या रेडिओ माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या प्रणालीत हाताने कॅलिब्रेट करायचे, म्हणजे ज्ञात स्रोतांच्या आधारे त्यातले यंत्राचे व वातावरणाचे दोष दुरुस्त करायचे, आणि त्यातून एक विश्वासार्ह प्रतिमा काढायची. स्वयंचलित पाइपलाइन उपलब्ध असताना हाताने काम कशासाठी, असा प्रश्न पडेल. माझे मत असे, की पाइपलाइनने दिलेल्या प्रतिमेतला दोष ओळखायचा असेल तर त्या दोषाचे मूळ कच्च्या माहितीत कसे दिसते हे निदान एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते.

काय मोजले जाते

जीएमआरटीमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती चौकात साधारण एक किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि उरलेल्या १६ पूर्व, पश्चिम व दक्षिण अशा तीन भुजांवर पसरलेल्या असल्याने सर्वांत लांब आधाररेषा, म्हणजे दोन अँटेनांमधले अंतर, सुमारे २५ किलोमीटरची होते. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी दर काही सेकंदांनी, प्रत्येक वारंवारता-चॅनेलमध्ये आणि दोन्ही ध्रुवणांत एक संमिश्र संख्या देते. तिला व्हिजिबिलिटी म्हणतात. तिला आयाम (संकेताची ताकद) असतो आणि फेज (लहरीचा टप्पा) असते. आकाशातील तेजस्वितेच्या फूरिए रूपांतराचा तो एक नमुना असतो. पृथ्वी फिरते तशी आकाशातून दिसणारी प्रत्येक जोडीची लांबी आणि दिशा बदलत जाते, त्यामुळे काही तासांत हे नमुने लंबवर्तुळाकार चापांवर पसरतात. पृथ्वीच्या भ्रमणाचा असा उपयोग करणारी छिद्र-संश्लेषणाची पद्धत विकसित केल्याबद्दल मार्टिन राइल यांना १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

ठाणे जिल्ह्याला हा विषय परका नाही. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने कल्याणजवळ १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्यांची जाळी उभारली होती. या तबकड्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या. त्यांपैकी २४ पूर्व-पश्चिम रेषेवर सुमारे ६३० मीटरमध्ये आणि ८ उत्तर-दक्षिण रेषेवर मांडल्या होत्या, आणि ६१० मेगाहर्ट्झवर तिने सूर्याची निरीक्षणे होत. तशा जाळीत तबकड्यांचे संकेत तारांच्या वाटेच एकत्र केले जात. सॉफ्टवेअरचा खरा भार पडू लागला तो प्रत्येक जोडीचा सहसंबंध स्वतंत्रपणे साठवू लागल्यावर. ६१० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४९ सेंटिमीटर असते. तिला ६३० मीटरने भागले तर कल्याणच्या जाळीची विभेदनक्षमता सुमारे २.७ कोनीय मिनिटे येते, आणि २५ किलोमीटरने भागले तर जीएमआरटीची सुमारे ४ कोनीय सेकंद. हा भागाकार लक्षात ठेवावा. पुढे पिक्सेलचा आकार ठरवताना तोच लागतो.

निरीक्षण निवडणे

जीएमआरटीची निरीक्षणे प्रस्तावकांच्या राखीव काळानंतर, जो साधारणपणे १८ महिन्यांचा असतो, अभिलेखागारातून सर्वांना खुली होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ती मागवता येतात. शोधताना नवशिक्याचा कल नव्या, रुंदपट्टा निरीक्षणांकडे जातो. तो आवरावा, कारण आकडे मांडून पाहिले की अडचण लगेच दिसते. सुधारित जीएमआरटीच्या २०४८ चॅनेलांच्या निरीक्षणात ४३५ जोड्या आणि दोन ध्रुवणे धरली तर एका नोंदीत १७ लाख ८१ हजार व्हिजिबिलिटी येतात. दर ८ सेकंदांनी एक नोंद घेतली तर तासाभरात त्या ८० कोटींच्या घरात जातात, आणि प्रत्येकीला ८ बाइट धरले तरी तासाला ६ जीबीहून अधिक जागा लागते. याउलट जुन्या सॉफ्टवेअर बॅकएंडच्या ३२ मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या, २५६ चॅनेलांच्या आणि १६ सेकंदांच्या निरीक्षणाला तासाला जेमतेम ०.४ जीबी लागतात. त्याहूनही जुनी, हार्डवेअर कोरिलेटरच्या काळातली निरीक्षणे दोन उपपट्ट्यांच्या दोन वेगळ्या फायलींत येतात. तीही पहिल्या खेपेला नकोत.

वारंवारता ६१० मेगाहर्ट्झच का? १५० मेगाहर्ट्झला आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, फार त्रास देते. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबराची घनता वाढलेली असते आणि पश्चिम महाराष्ट्र त्या पट्ट्याजवळ येतो, त्यामुळे विशेषतः संपातांच्या सुमारास सूर्यास्तानंतरच्या तासांत फेज अक्षरशः नाचते. शिवाय एकाच दृश्यक्षेत्रात निरनिराळ्या दिशांना ती निरनिराळी असते. ही गुंतागुंत सोडवणारी सॉफ्टवेअरे आहेत, पण ती पहिल्या आठवड्यात शिकायची नव्हेत. १४०० मेगाहर्ट्झला आयनांबर शांत असते, परंतु तिथे दृश्यक्षेत्र लहान होते आणि बहुतेक स्रोत मंद असतात.

लक्ष्य म्हणून एखादी रेडिओ दीर्घिका निवडावी, जिच्यात दोन पाळी, म्हणजे दोन बाजूंना फुगलेले भाग, स्पष्ट दिसतील आणि जिची एकूण तीव्रता काही शेकडा मिलिजान्स्की तरी असेल (जान्स्की हे रेडिओ तीव्रतेचे एकक). लक्ष्याच्या निरीक्षणाआधी आणि नंतर फेज कॅलिब्रेटरची, म्हणजे फेज सुधारण्यासाठी अधूनमधून पाहिलेल्या बिंदुरूप स्रोताची, निरीक्षणे आहेत ना, आणि सुरुवातीला किंवा शेवटी ३सी४८, ३सी१४७ किंवा ३सी२८६ यांपैकी एक स्रोत किमान दहा मिनिटे पाहिलेला आहे ना, हे आधी तपासावे. हे तीनच स्रोत इथे पुन्हा पुन्हा येतात, कारण त्यांची तीव्रता नीट ठाऊक आहे. दुकानातल्या तराजूला प्रमाणित वजन लागते तसेच हे आहे. यांच्यापैकी एकही नसेल तर ते निरीक्षण पहिल्या प्रयत्नासाठी सोडून द्यावे.

लक्ष्य त्या वेळी आकाशात किती उंचीवर होते, हे पाहण्याची ठाणे-नवी मुंबईकरांना एक सोपी युक्ती उपलब्ध आहे. खोडद आणि वाशी जवळजवळ एकाच अक्षांशावर, १९.१ अंश उत्तरेला, आहेत आणि रेखांशांत सुमारे एका अंशाचाच फरक आहे. स्टेलॅरियम या आकाशदर्शक प्रणालीत वाशी हे ठिकाण ठेवून निरीक्षणाची तारीख-वेळ दिली तर दिसणारी उंची खोडदच्या उंचीपेक्षा फार तर एखाद्या अंशाने वेगळी असते. तारे वाशीच्या मध्यमंडलावर चारेक मिनिटे उशिरा येतात, एवढेच. जीएमआरटी १७ अंशांच्या खाली पाहू शकत नाही, आणि त्या मर्यादेजवळची निरीक्षणे बिघडलेली असण्याची शक्यता अधिक. वेळेबाबत मात्र एक सावधगिरी हवी : दुर्बिणीवरील निरीक्षकांच्या नोंदी भारतीय प्रमाणवेळेत असतात आणि कासा वेळ यूटीसीत दाखवते. नोंदीत रात्री १ वाजता एखादी अँटेना थांबली असे लिहिले असेल तर कासामध्ये ती आदल्या तारखेच्या १९:३० ला शोधावी लागते.

संगणक

१६ जीबी स्मृती आणि ३०० जीबी मोकळी जागा पुरते. मेझरमेंट सेटमध्ये (कासाच्या माहिती साठवण्याच्या स्वरूपात) मूळ माहितीच्या स्तंभाशेजारी प्रतिकृतीचा, म्हणजे आकाशाच्या अपेक्षित मॉडेलचा, आणि दुरुस्त केलेल्या माहितीचा असे आणखी दोन स्तंभ तयार होतात, म्हणून मूळ फाइलच्या तिप्पट-चौपट जागा धरून चालावे. कासा लिनक्स आणि मॅकवर चालते. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या सोयीत, उबुंटू बसवावे. कासाची पूर्ण गठडी उतरवून उघडली की वेगळी स्थापना करावी लागत नाही. सॉलिड-स्टेट डिस्क असेल तर फार फरक पडतो, कारण इथे प्रक्रियकापेक्षा वाचन-लेखनच बहुधा तुंबते.

इकडच्या हवेबद्दल दोन शब्द. मे महिन्यात बंद खोलीत लॅपटॉप प्रतिमा काढायला लावून ठेवला तर तो तापून स्वतःचा वेग निम्म्यावर आणतो, आणि पावसाळ्यात वीज जाऊन चालू लेखन अर्धवट तुटले तर मेझरमेंट सेट खराब होऊ शकतो. म्हणून डेस्कटॉप असल्यास यूपीएस हवा, आणि प्रत्येक टप्प्याअखेर फ्लॅगमॅनेजरने फ्लॅगांची, म्हणजे खराब माहिती वगळण्यासाठी केलेल्या खुणांची, एक आवृत्ती जतन करावी. डाउनलोड तुटल्यास पुढून सुरू करणारा पर्याय वापरावा, हे सांगणे नकोच.

आज्ञांची नावे या लेखात देवनागरीत आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता टंकायची असतात; पहिली दोन-तीन अक्षरे देऊन टॅब दाबल्यास कासा उरलेले सुचवते.

एलटीएपासून मेझरमेंट सेटपर्यंत

जीएमआरटीची कच्ची माहिती एलटीए या स्वरूपात साठवलेली असते. लिस्टस्कॅन हा छोटा प्रोग्राम त्या फाइलमधील स्कॅनांची यादी एका लॉग फाइलमध्ये लिहून देतो. त्यात नको असलेले स्कॅन वगळता येतात, आणि मग जीव्हीफिट्स ती लॉग फाइल वाचून फिट्स फाइल बनवतो. जीव्हीफिट्सच्या फाइलचे नाव आपण बदलले नाही तर ते ‘टेस्ट’ असे ठरलेले असते, म्हणून दोन निरीक्षणे एकाच फोल्डरमध्ये हाताळताना नाव आधी बदलावे. पुढे कासामध्ये इम्पोर्टजीएमआरटी चालवले की मेझरमेंट सेट तयार होतो.

लगेच लिस्टऑब्स चालवावे आणि त्याचा निकाल छापून किंवा वहीत उतरवून समोर ठेवावा. कोणता स्रोत कोणत्या क्रमांकाचा आहे, चॅनेल किती आहेत, प्रत्येक स्कॅन किती मिनिटांचा आहे, ही माहिती पुढच्या प्रत्येक आज्ञेत लागते. अँटेनांची नावेही इथेच कळतात : सी ने सुरू होणाऱ्या मध्यवर्ती चौकातल्या, आणि ई, डब्ल्यू, एस या तीन भुजांवरच्या.

आधी पाहा, मग फ्लॅग करा

सगळ्या कामातला सर्वांत लांब आणि सर्वांत उपेक्षित टप्पा हाच. आलेख दाखवणाऱ्या प्लॉटएमएसमध्ये ३सी२८६ सारखा तीव्र कॅलिब्रेटर घ्यावा, आडव्या अक्षावर चॅनेल आणि उभ्या अक्षावर आयाम ठेवावा, वेळेची सरासरी घ्यावी आणि एकेका अँटेनाचे चित्र पाहत जावे. ज्या अँटेनाचा आयाम सर्व जोड्यांमध्ये तळाशी चिकटलेला असतो ती त्या दिवशी बंद होती. मग आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर फेज ठेवावी. काम करणाऱ्या अँटेनाची फेज सावकाश सरकते. न करणारीची सगळीकडे विखुरते. एखादी मध्येच उडी मारून नव्या पातळीवर स्थिरावते, तेव्हा उडीच्या आधीचा आणि नंतरचा भाग दोन्ही वापरता येतात, फक्त उडीच्या आसपासचा काळ काढावा लागतो. दोन-तीन अँटेना बंद असणे ही नेहमीची गोष्ट आहे. तेवढ्याने निरीक्षण वाया जात नाही.

यानंतर फ्लॅगडेटा ही आज्ञा तीन वेळा, तीन वेगळ्या हेतूंनी चालवावी. प्रथम हाताने : बंद अँटेना, पहिला चॅनेल, आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांचे चॅनेल जिथे गाळणीमुळे संकेत ढासळतो. दुसऱ्यांदा क्वॅक पद्धतीने प्रत्येक स्कॅनच्या सुरुवातीची काही सेकंदे, कारण ४५ मीटरची सगळीच अँटेना एकाच क्षणी नव्या स्रोतावर स्थिरावत नाहीत. तिसऱ्यांदा टीएफक्रॉप, जी वेळ-वारंवारतेच्या पटावर उठून दिसणारे रेडिओ व्यत्यय शोधून काढते. टीएफक्रॉप कच्च्या माहितीवर चालते. तिची जोडीदार आरफ्लॅग मात्र कॅलिब्रेट केलेल्या माहितीवरच नीट काम करते, म्हणून तिला नंतरसाठी राखून ठेवावे. दोन्ही आज्ञा आधीच एकापाठोपाठ चालवून टाकण्याची घाई पुष्कळांना होते.

व्यत्यय कशाचे असतात? मोबाइल, दूरचित्रवाणी, उपग्रह, विजेच्या वाहिन्यांवरच्या ठिणग्या. खोडदची जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हा एक महत्त्वाचा निकष होता. घोडबंदर रोडवरच्या गच्चीवर असेच यंत्र उभारले तर ६१० मेगाहर्ट्झला काय दिसेल, ते सांगायला नको. जवळजवळच्या अँटेनांच्या जोड्यांमध्ये व्यत्यय अधिक दिसतो, कारण दोघींनाही तो सारखाच ऐकू येतो आणि फेजही फारशी फिरत नाही. इथे एक पथ्य पाळावे. कॅलिब्रेटर बिंदुरूप असल्याने त्याचा आयाम सर्व आधाररेषांवर सारखाच असायला हवा, म्हणून त्यात उंच उठलेले काहीही निःशंकपणे काढता येते. लक्ष्याचे तसे नसते : पसरट दीर्घिकेचा आयाम आखूड आधाररेषांवर खरोखरच जास्त असतो, आणि तो व्यत्यय समजून काढला तर तिच्या पाळी प्रतिमेतून नाहीशा होतात.

कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशनचा क्रम ठरलेला आहे, पण प्रत्येक पायरी मागचीवर उभी असल्याने तो केवळ पाठ करून भागत नाही.

प्रारंभी सेटजेवाय या आज्ञेने ३सी२८६ ची ठाऊक असलेली तीव्रता प्रतिकृतीच्या स्तंभात लिहावी. पर्ली-बटलर २०१७ ही मोजपट्टी ५० मेगाहर्ट्झपासून ५० गिगाहर्ट्झपर्यंत चालते, म्हणून ६१० ला ती योग्य ठरते. लॉगमध्ये दिसणारा आकडा सुमारे २१ जान्स्की असावा; १.४ गिगाहर्ट्झला हाच स्रोत सुमारे १५ जान्स्कीचा असतो. लॉगमध्ये १ जान्स्की दिसला तर स्रोताचे नाव प्रणालीने ओळखलेले नाही असे समजावे आणि पुढे जाऊ नये.

संदर्भ अँटेना मध्यवर्ती चौकातली, निरीक्षणभर चालू राहिलेली आणि शांत फेजची निवडावी. मग मधल्या काही स्वच्छ चॅनेलांवर गेनकॅलने फक्त फेजचे उत्तर काढावे. ही पायरी तात्पुरती असते. कॅलिब्रेटरच्या दहा मिनिटांत फेज सरकत असते, आणि ती न सुधारता सगळा वेळ एकत्र केला तर संकेत एकमेकांना खोडतात. ते टाळून पट्ट्याचा आकार मोजता यावा, एवढ्यासाठीच ती असते. त्यानंतर गेनकॅलच्याच के प्रकाराने प्रत्येक अँटेनाचा विलंब काढावा, आणि मग बँडपास आज्ञेने प्रत्येक चॅनेलची संवेदनशीलता. बँडपासचे आलेख पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये : ते मधे सपाट आणि कडांना उतरते असायला हवेत, आणि त्यात एकच चॅनेल सुईसारखा वर आला असेल तर तिथे व्यत्यय राहून गेला आहे.

आता विलंब आणि बँडपास लावून दोन्ही कॅलिब्रेटरांसाठी आयाम व फेज यांचे उत्तर काळानुसार काढावे. फेज कॅलिब्रेटरची खरी तीव्रता आपल्याला माहीत नसल्यामुळे कासा ती १ जान्स्की धरते. फ्लक्सस्केल ही आज्ञा ३सी२८६ वरच्या गेनांशी (प्रत्येक अँटेनाच्या दुरुस्ती-गुणकांशी) तुलना करून त्याची खरी तीव्रता काढते, आणि त्यासोबत अनिश्चितताही देते. अनिश्चितता काही टक्क्यांहून मोठी असेल तर एखादी बिघडलेली अँटेना अजून आत आहे. परत प्लॉटएमएसकडे जावे, फ्लॅग करावे, क्लिअरकॅल चालवून सगळी उत्तरे नव्याने काढावीत. हे दोन-तीनदा होणे स्वाभाविक आहे; प्रत्येक आज्ञा पायथॉनच्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली असेल तर ही पुनरावृत्ती काही मिनिटांची होते आणि नसेल तर अख्खी संध्याकाळ जाते.

शेवटी अप्लायकॅल. लक्ष्याला फेज कॅलिब्रेटरचे उत्तर काळानुसार अंतर्वेशित करून लावायचे, आणि प्रत्येक कॅलिब्रेटरला त्याचे स्वतःचे. कॅलिब्रेट झालेल्या फेज कॅलिब्रेटरची फेज शून्याभोवती आणि आयाम सर्व आधाररेषांवर सपाट दिसला, तर कॅलिब्रेशन जमले. तो सपाट नसताना लक्ष्याची प्रतिमा काढायला बसणे व्यर्थ आहे. आता आरफ्लॅग चालवावी आणि स्प्लिटने फक्त लक्ष्याची दुरुस्त माहिती वेगळ्या मेझरमेंट सेटमध्ये काढावी.

स्प्लिट करतानाच चॅनेलांची सरासरी घेता येते, पण किती? प्रत्येक सरासरी चॅनेलची रुंदी मध्य वारंवारतेने भागावी आणि स्रोताचे केंद्रापासूनचे अंतर शलाकेच्या (एक बिंदू प्रतिमेत जेवढा पसरतो त्या ठिपक्याच्या) रुंदीने भागावे; दोहोंचा गुणाकार १ पेक्षा पुरेसा कमी राहिला पाहिजे, नाहीतर कडेचे स्रोत केंद्राच्या दिशेने ताणले जातात. १० चॅनेल एकत्र केले तर रुंदी १.२५ मेगाहर्ट्झ होते. केंद्रापासून २२ कोनीय मिनिटांवरचा स्रोत आणि ५ कोनीय सेकंदांची शलाका धरली तर गुणाकार ०.५ च्या आसपास येतो, जो चालतो. २० चॅनेल मात्र एकत्र करू नयेत.

पहिली प्रतिमा

प्रतिमा काढणाऱ्या टीक्लीन या आज्ञेला पिक्सेलचा आकार, प्रतिमेचा आकार आणि व्हिजिबिलिटींना द्यायच्या वजनांची पद्धत सांगावी लागते. शलाका ५ कोनीय सेकंदांची असेल तर पिक्सेल १ कोनीय सेकंदाचा ठेवावा, म्हणजे तिच्या रुंदीत पाच पिक्सेल येतात. ६१० मेगाहर्ट्झला जीएमआरटीच्या अँटेनाचे अर्धशक्ती दृश्यक्षेत्र सुमारे ४४ कोनीय मिनिटांचे असते, तरी प्रतिमा दोन अंशांची, म्हणजे ७२०० पिक्सेलांची काढावी. लक्ष्य मध्यावर एवढेसे असताना एवढा पसारा कशासाठी? कारण कडेचा एखादा तेजस्वी स्रोत आपले वलय संपूर्ण प्रतिमेवर पसरवतो, आणि तो प्रतिमेच्या चौकटीबाहेर राहिला तर त्याची वलये काढून टाकण्याचा मार्गच उरत नाही. इतक्या मोठ्या क्षेत्रावर आधाररेषा एका प्रतलात आहेत हे गृहीतक चालत नाही, म्हणून ग्रिडर डब्ल्यू-प्रोजेक्ट ठेवावा. वजनांसाठी ब्रिग्ज पद्धत आणि रोबस्ट ० ही चांगली सुरुवात आहे. ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा मध्य वारंवारतेच्या ५ टक्केच असल्याने इथे बहुपदी वर्णपटाची गरज नाही. सुधारित दुर्बिणीच्या २०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला मात्र ती लागतेच.

आवर्तनांची संख्या शून्य ठेवून प्रथम मळकी प्रतिमा काढावी. तीत प्रत्येक स्रोताभोवती तीन भुजांमुळे उमटणारी नक्षी दिसेल. फूरिए पटावर जिथे नमुने नाहीत त्या रिकाम्या जागांचा तो परिणाम आहे. होगबोम यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या क्लीन पद्धतीचा गाभा साधा आहे : सर्वांत तेजस्वी बिंदू शोधायचा, त्याच्या जागी मळक्या शलाकेचा थोडासा अंश वजा करायचा, वजा केलेले टिपून ठेवायचे, आणि अवशेषात फक्त गोंगाट उरेपर्यंत हेच करत राहायचे. मग काही हजार आवर्तने द्यावीत आणि स्रोतांभोवती मुखवटे आखावेत. मुखवटा न आखता खोलवर क्लीन केले तर गोंगाटाचेही स्रोत बनतात. निकाल कार्टामध्ये उघडून पाहावा. मोठ्या प्रतिमांसाठी ते सोयीचे आहे.

सेल्फ-कॅलिब्रेशन

फेज कॅलिब्रेटर आकाशात दुसरीकडे आणि अर्ध्या तासाने एकदाच पाहिलेला असतो, त्यामुळे लक्ष्याच्या दिशेची क्षणोक्षणीची फेज त्यातून पूर्ण कळत नाही. तेजस्वी स्रोतांभोवती उरलेल्या पट्ट्या याच कारणाने दिसतात. उपाय असा की क्लीनमधून मिळालेली प्रतिकृतीच कॅलिब्रेटर समजून फेज पुन्हा काढायची.

इथे एक सापळा आहे. टीक्लीन आपली प्रतिकृती मेझरमेंट सेटमध्ये आपणहून लिहीत नाही. सेव्हमॉडेलचे मूल्य ‘मॉडेलकॉलम’ असे द्यावे लागते. ते दिले नाही तर गेनकॅल मुकाट्याने मध्यावर १ जान्स्कीचा बिंदू आहे असे धरून चालते आणि प्रतिमा सुधारण्याऐवजी त्या काल्पनिक बिंदूसारखी होत जाते. कोणताही त्रुटी-संदेश येत नाही.

पहिल्या तीन-चार फेऱ्या फक्त फेजच्या असाव्यात, आणि उत्तराचा कालावधी ८ मिनिटांपासून ४, २, १ मिनिट असा कमी करत न्यावा. प्रत्येक फेरीत पार्श्वभूमीचा गोंगाट मोजावा आणि लक्ष्याची एकूण तीव्रता टिपून ठेवावी. गोंगाट कमी होणे थांबले की थांबावे. आयामाची एकच फेरी शेवटी, तीही गेनांचे सामान्यीकरण चालू ठेवून करावी. आयामाच्या सेल्फ-कॅलिब्रेशनमध्ये इतके स्वातंत्र्य असते, की प्रतिकृतीत नसलेला खरा मंद स्रोत ते गिळू शकते. लक्ष्याची एकूण तीव्रता दोन फेऱ्यांमध्ये १० टक्क्यांनी घसरली असेल तर ती फेरी टाकून द्यावी, प्रतिमा कितीही देखणी दिसत असली तरी.

प्रतिमा तपासणे

प्रथम अँटेनाच्या दृश्यक्षेत्राची दुरुस्ती करावी. केंद्रापासून २२ मिनिटांवर संवेदनशीलता निम्मी होते, म्हणून तिथल्या स्रोताची मोजलेली तीव्रता दुप्पट करावी लागते. जीएमआरटीने आपल्या पट्ट्यांसाठी या आकाराचे बहुपदी गुणांक प्रसिद्ध केलेले आहेत. त्यांवरून पायथॉनच्या दहा-बारा ओळींत ही दुरुस्ती करता येते.

मग आपल्या प्रतिमेतले दहा-पंधरा बिंदुरूप स्रोत निवडून त्यांची स्थाने आणि तीव्रता एनव्हीएसएसशी ताडून पाहाव्यात. हे अमेरिकेतील व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने १.४ गिगाहर्ट्झला केलेले, ४५ सेकंदांच्या विभेदनाचे सर्वेक्षण आहे. बहुतेक स्रोतांची तीव्रता वारंवारतेच्या −०.७ या घाताने बदलते, म्हणून एनव्हीएसएसमध्ये १०० मिलिजान्स्कीचा स्रोत ६१० मेगाहर्ट्झला सुमारे १८० मिलिजान्स्की दिसावा. एकेका स्रोताचा घात वेगळा असू शकतो. दहाच्या दहा स्रोत ३० टक्क्यांनी कमी दिसले तर मात्र दोष आपल्या मोजपट्टीत आहे. दुसऱ्या टोकाला जीएमआरटीनेच १५० मेगाहर्ट्झला केलेल्या टीजीएसएस सर्वेक्षणाच्या प्रतिमा आहेत, ज्या हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २५ सेकंदांच्या विभेदनाने प्रसिद्ध केल्या. आपला ६१० चा आकडा दोन्ही अक्ष लॉगरिदमी असलेल्या आलेखावर त्या दोहोंच्या मधे सरळ रेषेत बसला, तर तो कोणालाही दाखवायला हरकत नाही. सगळे स्रोत एकाच दिशेने एखाद-दोन सेकंद सरकलेले आढळले, तर तो सेल्फ-कॅलिब्रेशनने फेजला दिलेल्या मोकळिकीचा परिणाम असतो आणि प्रतिमेचा संदर्भबिंदू बदलून तो दुरुस्त होतो.

पुढे

हेच निरीक्षण आता पाइपलाइनला द्यावे. रुता काळे आणि ईश्वरचंद्र यांनी जीएमआरटीसाठी तयार केलेली कॅप्चर ही पाइपलाइन कासावरच चालते आणि तिचा कोड खुला आहे. तिने कोणत्या अँटेना काढल्या आणि आपण कोणत्या, हे शेजारी ठेवून पाहावे. मतभेद आढळेल तिथे प्लॉटएमएस उघडावे. त्यानंतर सुधारित दुर्बिणीच्या ५५० ते ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळता येते, जिथे तास-दोन तासांच्या निरीक्षणालाही मोठी डिस्क आणि ६४ जीबी स्मृती हवीशी वाटू लागते.

दुर्बीण प्रत्यक्ष पाहायची असेल तर दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर या मार्गाने नारायणगावपर्यंत जाता येते. तिथे शिरल्यावर मोबाइल बंद ठेवावा. ६१० च्या माहितीत आठवडाभर व्यत्यय वेचत बसलेल्याला त्याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. आणि अभिलेखागारात आपल्याला हवे ते निरीक्षणच नसेल, तर दुर्बिणीचा वेळ मागण्याचे प्रस्ताव वर्षातून दोनदा, साधारणतः जानेवारी आणि जुलैमध्ये, स्वीकारले जातात. प्रस्तावात किती तास हवेत याचा हिशेब द्यावा लागतो, आणि एका निरीक्षणाची प्रतिमा स्वतः काढलेल्याला तो हिशेब बंद अँटेना व फ्लॅग होणारी माहिती धरून करता येतो.